खर्जाचा गडी

उंची पावणेचार फुटांच्या थोडी वर, वजन चार किलोच्या आसपास. अंग भरीव लाकडाचं. मधे पिवळा, मग तांबडा आणि कडेला काळा होत गेलेला सनबर्स्ट रंग. छातीवर कासवाच्या पाठीच्या नक्षीची पाटी. क्रोमची दोन झाकणं, एक मधोमध आणि एक शेवटाला, त्यामुळे समोरून पाहिलं तर कामाचे निम्मे अवयव झाकलेलेच. दांडी मेपलची, तिच्यावर शिसवीची काळपट फळी, फळीत वीस पडदे. चार तारा, चार खुंट्या, दोन बटणं: एक आवाज कमीजास्त करायला, दुसरं त्याची धार मारायला. एवढाच सगळा संसार. हा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, १९६२ सालचा.

त्याचे भाऊबंद त्याच्यापेक्षा देखणे आणि नावाजलेले. टेलिकॅस्टर आणि स्ट्रॅटोकॅस्टर या त्याच्याच घरातल्या गिटारी. त्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला येतात, दिव्यात चमकतात, त्यांच्या एकेका तानेवर लोक ओरडतात. हा ढोलकऱ्याच्या शेजारी, दोन पावलं मागे उभा. गाणं संपल्यावर लोक जे गुणगुणत घरी जातात त्यात याचा एकही सूर नसतो. पण गाणं चालू असताना त्यांचे पाय ज्याच्यावर हलत होते तो हाच.

त्याचा आवाज शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. जाड तार बोटाने ओढून सोडली की आधी एक बोथट ठोका येतो. त्या ठोक्याच्या पोटातून सूर वर येतो, गोल आणि भरलेला. आपण त्याच्याकडे नीट कान देतोय तोवर तो संपलेलाही असतो. घंटेसारखी आस मागे राहत नाही. सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. आपल्याकडे गवई पहाटे उठून खर्ज भरतात, गळ्याच्या तळाशी जाऊन तिथेच मुक्काम करतात. हा गडी त्याच्याही खालच्या मजल्यावर राहतो, आणि तिथून क्वचितच वर येतो.

याची खरी ओळख पटते ती आपल्या तंबोऱ्याच्या उलट बाजूने. मिरजेचा कारागीर घोडीची पाठ घासून घासून जवारी काढतो, तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवतो, आणि एका तारेतून उपस्वरांचा सगळा गोतावळा मोकळा करतो. तंबोऱ्याचं मोठेपण त्या झंकारात आहे. प्रिसिजन बेसच्या शेवटच्या झाकणाखालीही कारखान्यातूनच फोमचा एक मऊ तुकडा बसवून येत असे. झाकण लावलं की तो घोडीजवळ तारांवर दाबला जाई आणि झंकाराचा गळा धरत असे. वरचे उपस्वर मुके, आस तोकडी, मूळ सूर ठळक. एक वाद्य सुराला उमलू देण्यासाठी घडवलेलं, दुसरं सुराला आवरण्यासाठी. या आवरण्यातच प्रिसिजनचा स्वभाव आहे असं मी मानतो. दोन सुरांच्या मधे तो जी मोकळी जागा सोडतो, तिच्यात ढोल, गिटार, पियानो आणि गाणारा माणूस या सगळ्यांना बसायला मिळतं.

त्याला जन्म देणाऱ्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. लिओ फेंडर यांचं १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी थोडा पियानो, थोडा सॅक्सोफोन शिकलेले. एक डोळा पोरवयातच गेलेला. दुकानात वादक आपले बिघडलेले अँप्लिफायर घेऊन येत आणि सोबत तक्रारी आणत. लिओंनी त्या तक्रारी कान देऊन ऐकल्या. हा माणूस संगीतकार नसल्याचा फायदा मला इथे दिसतो. वाद्य कसं दिसायला हवं याच्या कुठल्याही परंपरेचं ओझं त्यांच्यावर नव्हतं. वाजवणाऱ्याला काय त्रास होतो आणि तो पेचकस घेऊन कसा काढता येईल, एवढंच त्यांना कळायचं.

बेस वाजवणाऱ्यांचे त्रास तर ढीगभर होते. त्यांचं वाद्य म्हणजे डबल बेस, व्हायोलिनच्या घराण्यातला माणसाहून उंच थोरला. तो मोटारीत मावत नसे, टपावर बांधून न्यावा लागे. थंडी, ऊन, पाऊस सगळ्यांनी त्याची पाठ उकले. इतकं करून नाचाच्या दिवाणखान्यात पोचलं की ट्रम्पेट आणि ढोलांच्या गदारोळात तो कुणाला ऐकू येत नसे. शिवाय त्याला पडदे नाहीत. सूर कुठे आहे ते बोटाला वर्षानुवर्षं शिकवावं लागतं.

पडदे लावलेला, भरीव देहाचा विजेवरचा बेस लिओंच्या आधीही कुणी केला नव्हता असं नाही. सिअॅटलमध्ये पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच ऑडिओव्हॉक्स नावाने तसं वाद्य केलं होतं. पण ते रुजलं नाही. लिओंचा बेस १९५१ च्या अखेरीस आला आणि रुजला. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी त्यांनी ३४ इंच ठरवली, डबल बेसपेक्षा बरीच आखूड, साध्या गिटारपेक्षा बरीच लांब. आज सात दशकांनंतरही जगभरातले बहुतेक बेस गिटार हेच माप पाळतात. लांब दांडीच्या भाराने वाद्य मान टाकू नये म्हणून वरचं शिंग पुढे ओढून काढलं. दोन शिंगांची ती आकृती पुढे १९५४ मध्ये स्ट्रॅटोकॅस्टरने उचलली. म्हणजे जगातल्या सगळ्यात ओळखीच्या गिटारचा चेहरामोहरा मुळात या मागे उभ्या राहणाऱ्याचा आहे.

पडदा दाबला की सूर नेमका तिथेच, म्हणून नाव प्रिसिजन. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात मंक मॉन्टगोमेरी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तो हाती घेतला. डबल बेसवाल्या बुजुर्गांनी नाकं मुरडली. पण फर्मास वाजवणारे मिळू लागले तसा प्रश्न मिटला. इतका की पुढची कित्येक वर्षं कुठल्याही कंपनीच्या बेस गिटारला वादक सरसकट ‘फेंडर बेस’च म्हणत.

पहिल्या सहा वर्षांतला त्याचा आवाज मात्र अजून पोरसवदा होता. तारेखाली एकच लोहचुंबक, त्यामुळे तार छेडल्याक्षणी आवाज टोकदार उसळे आणि त्या काळच्या स्पीकरांना तो धक्का सोसवत नसे. विजेची गुणगुणही सुरात मिसळे. १९५७ मध्ये लिओंनी पिकअप नव्याने बांधला, आणि तिथे याला कंठ फुटला.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत इवलासा प्रवाह उमटतो, तो अँप्लिफायर मोठा करतो. लिओंनी त्या एका पिकअपचे दोन तुकडे केले. एक तुकडा खालच्या दोन तारांना, दुसरा वरच्या दोन तारांना. दोघांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट, त्यामुळे बाहेरची विजेची गुणगुण एकमेकांना छेदून नाहीशी होते आणि सूर तसाच उरतो. प्रत्येक तारेसाठी एकाऐवजी दोन चुंबक ठेवले. तार त्यांच्या मधल्या फटीवर थरथरते, म्हणून सुरुवातीचा टोचणारा धक्का मऊ झाला. शिवाय दोन्ही तुकडे एका रेषेत ठेवले नाहीत. जाड तारांचा तुकडा दांडीकडे सरकवला, बारीक तारांचा घोडीकडे. जाड तारांना अधिक गोलाई आली, बारीक तारांना थोडी धार. एवढासा बदल, पण त्यानंतर या वाद्याचा मूळ नकाशा बदलायची गरज कुणाला पडली नाही. १९६० मध्ये लिओंनी जॅझ बेस काढला. तो दोन पिकअपांचा, निमुळत्या दांडीचा आणि जास्त बोलका. त्याचंही घराणं मोठं झालं. तरी मला या थोरल्याच्या एकाच पिकअपमधली ठाम वृत्ती जास्त भावते.

फुलर्टनच्या कारखान्यात हे सगळं हातांनी चाले, आणि त्या हातांचं ऋण मानायला हवं. कामगारांत मेक्सिकन वंशाची माणसं पुष्कळ. टाडेओ गोमेझ दांड्या घासून आकाराला आणत आणि टाचेवर पेन्सिलीने आपली आद्याक्षरं आणि तारीख लिहीत. अंगात दांडी बसली की ते अक्षर झाकलं जाई. आज संग्राहक चार स्क्रू काढून तेच शोधत असतात. काही वाद्यांच्या पोटात, तारा जोडलेल्या खोबणीत, चिकटपट्टीवर ‘मेरी’ किंवा ‘ग्लोरिया’ अशी नावं सापडतात. अॅबिगेल इबारा १९५६ मध्ये कामाला लागल्या आणि पिकअपचे वेढे गुंडाळत राहिल्या ते २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत. यंत्र रीळ फिरवी, पण तार कुठे दाट पडेल, कुठे विरळ, हे बोटाच्या चिमटीवर अवलंबून. म्हणून त्या काळचा एक पिकअप दुसऱ्यासारखा बोलत नाही. जुन्या वाद्याला स्वभाव असतो असं आपण म्हणतो, त्यातला बराचसा हिस्सा या चिमटींचा आहे.

आता त्या एका बेसकडे येतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

जेम्स जेमरसन यांचा जन्म १९३६ चा, दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावरचा. काठीला रबर ताणून बांधायचं, ती काठी वारुळात रोवायची आणि रबर छेडून मुंग्यांना नाचवायचं, असा त्यांचा लहानपणीचा खेळ होता असं सांगतात. १९५४ मध्ये ते आईबरोबर डेट्रॉईटला आले, शाळेत डबल बेस हाती घेतला, जॅझच्या क्लबांत वाजवू लागले. १९५९ मध्ये बेरी गॉर्डी यांनी मोटाउन ही कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक साधं घर, त्याच्या मागच्या गॅरेजचा केलेला स्टुडिओ, छताला लोंबणाऱ्या वायरींमुळे वादकांनी त्याला दिलेलं नाव ‘स्नेकपिट’, सापांचं बीळ. तिथे बसणाऱ्या वादकांचा गट म्हणजे फंक ब्रदर्स, आणि त्यांच्यात बेसवर जेमरसन.

डबल बेसवरून त्यांना विजेच्या बेसवर यायला वेळ लागला. पहिला प्रिसिजन १९५७ चा, एका मित्राकडून आलेला, काळा रंगवलेला. तो चोरीला गेला. त्यानंतर आला हा १९६२ चा सनबर्स्ट. दांडी जिथे अंगाला मिळते तिथल्या टाचेवर जेमरसन यांनी ‘फंक’ असं कोरून निळी शाई भरली. लोक त्याला ‘फंक मशीन’ म्हणू लागले.

या जोडीचा संसार कुठल्याही दुरुस्ती करणाऱ्याला पाहवला नसता. तारा ला बेला कंपनीच्या, बाहेरून चपट्या गुंडाळीच्या, आणि जाड: सगळ्यात जाड तार पावणेतीन मिलिमीटरच्या पुढे. त्या तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत असा नेम. वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ तारांत मुरलेला, आणि या मळातच खरी गंमत आहे असं जेमरसन यांचं सांगणं. तारा पडद्यांपासून इतक्या उंच की दाबताना बोट दुखावं. दांडी वाकली होती असंही म्हणतात; ज्यांनी तो बेस हातात घेऊन पाहिला त्यांना तो वाजवता आला नाही. दोन्ही बटणं पूर्ण उघडी. झाकणाखालचा फोम जागच्या जागी. आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. डबल बेस ओढावा तशी ती तार ओढत असे. तिला साथीदारांनी ‘हुक’ म्हटलं.

मळलेल्या तारेची गोष्ट कल्पित नाही. नव्या तारेचे वरचे उपस्वर लखलखीत असतात. घाम आणि धूळ गुंडाळीच्या फटींत बसली की ते आधी विझतात, खालचे टिकतात. उंच तार जोरात ओढता येते आणि पडद्यावर खरखरत नाही. फोम आस कापतो. पिकअप ठोक्याची धार मऊ करतो. या सगळ्या गोष्टी एकाच दिशेने ओढत होत्या, म्हणून तो आवाज तयार झाला. त्यातली एखादी ‘नीट’ केली असती, नव्या तारा घातल्या असत्या, तर आवाज गेला असता. हे जेमरसन यांना ठाऊक होतं. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. वाद्याला आतून ओळखणाऱ्या माणसाने घेतलेली ती काळजीच होती.

आणि मग त्या आवाजाने ते काय बोलले! त्यांच्या आधी बेसने मूळ सूर धरावा, पाचवा धरावा, ठेका सांभाळावा, एवढीच अपेक्षा होती. जेमरसन यांनी त्याला वाक्यं दिली. ठेक्याच्या आधी निसटायचं, ठेक्यानंतर पोचायचं, मोकळी तार मधेच टाकून हात बदलायला वेळ काढायचा, अर्ध्या अर्ध्या सुरांनी चढत एखाद्या स्वरावर असं उतरायचं की गाणाऱ्याच्या ओळीला खालून खांदा मिळावा. ‘बर्नाडेट’ ऐका, ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ ऐका, दोन्ही १९६७ ची. गाण्याखाली एक दुसरं गाणं चाललंय, आणि ते पहिल्याला कुठेही अडवत नाही. उलट १९६४ ची ‘माय गर्ल’ घ्या. सुरुवातीला बेसचे मोजकेच ठोके, एकट्याचे. मग रॉबर्ट व्हाइट यांची गिटार पाच स्वरांनी पायऱ्या चढत येते. सा रे ग प ध सा, आपल्या कानाला सरळ भूपाचा आरोह. इतका बोलू शकणारा माणूस तिथे जवळजवळ गप्प राहतो. कुठे किती बोलावं याची ही समज मला त्यांच्या वेगवान जागांपेक्षाही मोठी वाटते.

स्टुडिओत त्यांचा बेस अँप्लिफायरपुढे मायक्रोफोन धरून घेत नसत. वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेत जाई, त्यामुळे खोलीचा घुमारा लागत नसे. आणि मोटाउनची गाणी जगात पोचत ती मोटारीच्या आणि खिशातल्या रेडिओंवरून. तळहाताएवढ्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर येऊच शकत नाही. पण त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जवळचे उपस्वर येतात, आणि त्यांवरून आपला कान मूळ सूर स्वतःच उभा करतो. प्रिसिजनच्या पिकअपने आणि मळक्या तारांनी नेमके तेच खालचे उपस्वर जपलेले होते. म्हणून तो आवाज भिकार रेडिओवरही हरवला नाही. करोडो लोकांनी जेमरसन यांचा खर्ज ऐकला तो असा, अर्धा हवेतून आणि अर्धा स्वतःच्या डोक्यात.

नाव मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मोटाउनच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं छापत नसत. हे वाचताना मुंबईच्या स्टुडिओंची आठवण येणं अपरिहार्य आहे. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस किती ठिकाणी कणा होऊन उभा आहे! गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा असा कितीतरी भार उचलला, आणि रेकॉर्डवर गायक, गीतकार, संगीतकार या तिघांपलीकडे नाव गेलं नाही. डेट्रॉईट आणि मुंबई, दोन्हीकडे लोकांना आवाज पाठ आणि माणूस अनोळखी. मला हा अन्याय वाटतो, आणि काळ लोटल्याने तो कमी होत नाही.

१९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर पहिल्यांदा नावं आली, आणि जेमरसन यांच्या नावामागे ‘अतुलनीय’ असं विशेषण आलं. त्यातल्या शीर्षकगीताची एक हकिकत त्यांचे साथीदार सांगत. गे यांना बेससाठी जेमरसनच हवे होते. ते कुठल्याशा क्लबात सापडले, पण खुर्चीवर ताठ बसण्याच्या अवस्थेत नव्हते. मग जमिनीवर पाठ टेकून, बेस छातीवर घेऊन, समोर धरलेलं स्वरलेखन वाचत त्यांनी वाजवलं. त्या रात्री घरी गेल्यावर पत्नीला म्हणाले, आज जे वाजवलंय ते थोर आहे. ते ऐकून पाहावं. सूर सुटे सुटे, रेंगाळणारे, तरीही प्रत्येक जण आपल्या जागेवर. वाद्य आणि माणूस यांच्यात तेव्हा काही अंतर उरलं होतं असं वाटत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगणं जिवावर येतं. १९७२ मध्ये मोटाउनने डेट्रॉईट सोडून लॉस एंजेलिस गाठलं. जेमरसन मागोमाग गेले. तिथे काळ बदललेला. गोल गुंडाळीच्या चमकदार तारा आल्या होत्या, अंगठ्याने तारेवर थाप मारून वाजवायची स्लॅपची पद्धत आली होती, निर्मात्यांना लखलखीत बेस हवा होता. जेमरसन आपल्या तारा आणि आपला हुक सोडेनात. दारूने शरीर पोखरलेलं होतं. १९८३ च्या उन्हाळ्यात, ते आजारी असताना, फंक मशीन चोरीला गेलं. त्यानंतर काही दिवसांतच, २ ऑगस्टला, जेमरसन गेले. वय ४७. बेस आजतागायत सापडलेला नाही.

या गोष्टीमुळे ‘विंटेज’च्या बाजाराकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. लिओ फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १.३ कोटी डॉलरना विकली. त्या आधीची वाद्यं ‘प्री-सीबीएस’ म्हणून पूजली जातात. रंगाचा थर अस्सल आहे का, स्क्रू मूळचे आहेत का, खुंटीवरचा शिक्का कुठल्या वर्षाचा, फळी ब्राझीलच्या शिसवीची की साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या, आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या भारतीय शिसवीची, याची छाननी होते. ती छाननी मला क्षुद्र वाटत नाही; त्यातूनच गोमेझ आणि इबारा यांची नावं जगापुढे आली. नायट्रोसेल्युलोजचा जुना लेप वाळत पातळ होतो, कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो, तांबडा रंग उन्हाने उडतो. हे सौंदर्य आहेच. जुनं लाकूड वाळून आवाज सुधारतो का, यावर वादकांची भांडणं संपत नाहीत. माझ्या कानाला लाकडाचा हिस्सा लहान वाटतो; तारा, फोम, पिकअप आणि बोट यांचा हिस्सा फार मोठा.

पण बाजारात सगळ्यात मोठी किंमत येते ती पलंगाखाली पेटीत पडून राहिलेल्या, कुणी फारसा न वाजवलेल्या वाद्याला. तिथे माझं जमत नाही. असा बेस साठ वर्षांचा असला तरी त्याला आयुष्य मिळालेलं नाही. त्याच्या झाकणाखालचा मूळ फोम भुसा होऊन गळून गेलेला असतो, त्याच्या तारांवर कुणाच्या घामाचा थर नसतो. आणि दुसऱ्या बाजूला, कारखान्यातच घासून, ओरखडे पाडून नव्या वाद्याला जुनं रूप देतात. त्यातलं कौतुक मला कळतं, ओढ कळते. तरी हाताची झीज हाताशिवाय येत नाही.

हरवलेले बेस परत येतात. पॉल मॅकार्टनी यांचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर, १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला, १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेला. पन्नास वर्षांनी एका घराच्या माळ्यावर सापडला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो परत मिळाल्याचं जाहीर झालं. जॅको पॅस्टोरियस यांचा १९६२ चा जॅझ बेस, ज्याचे पडदे उपटून फळीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा लेप दिला होता, १९८६ मध्ये गेला आणि वीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये उजेडात आला. म्हणून फंक मशीनची आशा मी सोडलेली नाही. चोराला किंवा चोराकडून घेणाऱ्याला त्याची किंमत कळली नसेल, असंच वाटतं. तारा उंच, दांडी वाकडी, वाजवायला अवघड. कुणी कोपऱ्यात ठेवून दिला असेल.

कधी कुणी टाच पाहिली आणि निळ्या शाईतली ती चार अक्षरं दिसली, तर माझी मागणी एवढीच. तो पुसू नये. दांडी सरळ करू नये. तुटल्या नसतील तर तारा बदलू नयेत. फोमचा भुसा झाला असेल तर तेवढा नवा घालावा, कारण तो आवाजाचा भाग आहे. छायाचित्रं, मापं, पिकअपचे आकडे जे काय घ्यायचं ते एका आठवड्यात घेऊन टाकावं. आणि मग काचेमागे नेण्याआधी डेट्रॉईटच्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात तो द्यावा, दोन्ही बटणं पूर्ण उघडून, वायर थेट यंत्राला जोडून. बोट दुखलं तर दुखू द्यावं.